खाल्लेलं लोह अंगी लागावं म्हणून: आदल्या रात्रीच्या भिजवण्यापासून जेवणानंतरच्या चहापर्यंत

"नाचणी खाते, मोडाची मटकी खाते, रोज दोन खजूर खाते, तरी हिमोग्लोबिन जागचं हलत नाही." ही तक्रार इतक्या वेळा ऐकली की आता मी काय खाता हे आधी विचारतच नाही. चहा कधी घेता, मटकी किती तास भिजते आणि लिंबू गॅस बंद करण्याआधी पिळता की नंतर, एवढं विचारते. बहुतेकदा जिन्नस बरोबर असतात, क्रम चुकलेला असतो.

आवळा लोखंडी कढईत घातला की काळाकुट्ट होतो. केसांना लावायचा आवळा-मेंदीचा लेप लोखंडी भांड्यात भिजवतात तो याचसाठी. लोखंडी तव्यावर कोरा चहा सांडून रात्रभर राहिला तर सकाळी शाईसारखा डाग दिसतो. टॅनिन (चहा-आवळ्यातलं तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र आले की त्यांची अशी घट्ट जोडी जमते. जेवणावर लगेच चहा घेतला की पोटातही याच जातीचा व्यवहार होतो, फक्त डाग दिसत नाही.

आधी एवढं समजून घ्या: पेशीच्या दारात काय होतं

धान्य, कडधान्य आणि भाज्यांतलं लोह बहुतांशी 'फेरिक' रूपात असतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी मात्र ते 'फेरस' रूपातच आत घेतात. पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेलं एक एन्झाइम फेरिकचं फेरस करतं, मग डीएमटी-१ नावाचं वाहक प्रथिन ते आत ओढतं. आत आल्यावर दोन वाटा असतात. एक तर ते फेरिटिन या प्रथिनात साठून राहतं, नाहीतर फेरोपोर्टिन नावाच्या मागच्या दारातून रक्तात उतरतं. हे मागचं दार उघडं ठेवायचं की बंद, हे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक ठरवतं. शरीरात साठा भरपूर असेल किंवा कुठे दाह चालू असेल तर हेप्सिडिन वाढतं आणि दार लागतं. आतड्याच्या या पेशी जेमतेम तीन ते पाच दिवस जगतात. तोवर आत अडकलेलं लोह त्या गळून पडताना त्यांच्यासोबतच जातं.

मागच्या दारावर स्वयंपाकघराची सत्ता नाही. आपलं सगळं काम पुढच्या दारापाशी चालतं. तिथे तीन वनस्पतिजन्य रसायनं महत्त्वाची:

- फायटेट: धान्य-कडधान्यातला फॉस्फरसचा साठा. याच्या रेणूला सहा फॉस्फेट गट असतात आणि ते लोहाला धरून ठेवतात.
- टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल: चहा, कॉफी, कोको, सुपारी, पानातला कात, नाचणीचं तांबडं साल.
- 'क' जीवनसत्त्व: हे उलट बाजूचं. फेरिकचं फेरस करायला मदत करतं आणि लोह विरघळलेलं ठेवतं, म्हणजे पहिल्या दोघांच्या हाती ते लागत नाही.

रक्तात पोचलेल्या लोहाचा मोठा वाटा हिमोग्लोबिनमध्ये जातो. पण जवळजवळ प्रत्येक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, जिथे अन्नातून ऊर्जा निघते, तिथल्या साखळीतल्या अनेक प्रथिनांच्या गाभ्यातही लोहच असतं. म्हणूनच हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा आटलेला असेल तर जिना चढताना दम लागू शकतो.

पायरी १: आहार बदलण्याआधी रक्त तपासा

फक्त हिमोग्लोबिन तपासून आहार बदलायला घेऊ नका. सोबत फेरिटिन करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदर नसलेल्या स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या (मधल्या तिमाहीत १०.५ च्या) खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असेल तर तो अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय. निरोगी प्रौढांत फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलं तर साठा संपला असं धरतात. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, त्यामुळे आजारपणात ही तपासणी करू नका.

सावधान: थॅलेसेमिया मायनर (एका आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य प्रकार) असलेल्यांच्या तांबड्या पेशी लहान दिसतात आणि हिमोग्लोबिनही थोडं कमी असतं, पण लोह कमी असतंच असं नाही. अशा माणसाने वर्षानुवर्षं गोळ्या खाणं चुकीचं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही तितकीच पाहावी लागते, आणि तिच्यावर या लेखातली कुठलीही पायरी लागू पडत नाही.

हिमोग्लोबिन बरंच खाली असेल तर आहाराने ते भरून काढायच्या भानगडीत पडू नका. औषध घ्या, आणि खालच्या पायऱ्या सोबत चालू ठेवा.

पायरी २: आदल्या दिवशी, भिजवणं आधी आणि उष्णता नंतर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

फायटेट तोडणारं एन्झाइम, फायटेज, दाण्यातच असतं. ते झोपलेलं असतं. त्याला जागं व्हायला पाणी, ऊब आणि वेळ लागतो, थोडा आंबटपणा मिळाला तर आणखी बरं. उकळलं किंवा भाजलं की ते कायमचं निकामी होतं. म्हणजे दाणा आधी भिजला पाहिजे, मग तापला पाहिजे. हा क्रम उलटा केला तर नंतर कितीही भिजवा, दाण्याचं स्वतःचं फायटेज परत येत नाही.

मटकी, मूग, हरभरे. रात्री धुऊन कोमट पाण्यात ८ ते १० तास भिजवा. सकाळी ते पाणी टाकून द्या. फायटेट आणि टॅनिनचा काही भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. मग ओल्या फडक्यात घट्ट बांधून ऊबदार जागी ठेवा. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, पुण्या-नाशिकच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो. मोड दिसताच शिजवायची घाई नको, साधारण एक सेंटिमीटर होऊ द्या. बाजारातले तयार मोड विकत घेतलेत तरी चालेल, फक्त वास घेऊन बघा.

प्रेशर कुकरचं "तासभर गरम पाण्यात भिजवलं की पुरे" हे तंत्र कडधान्य शिजवण्यापुरतं ठीक आहे. उकळतं पाणी ओतल्याने दाणा मऊ होतो, पण फायटेजही तिथेच संपतं.

नाचणी. शंभर ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, पण सोबत फायटेट आणि सालातलं टॅनिनही आहे. दुकानातून पीठ आणून थेट लापशी शिजवली तर त्या लोहाचा फारच थोडा भाग हाती लागतो. पूर्ण दाणे १२ तास भिजवा, निथळून मोड काढा (एक ते दोन दिवस), सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर हलकं परतून दळा. हे पीठ हवाबंद डब्यात राहतं आणि नेहमीच्या नाचणीपेक्षा गोडसर लागतं. एवढा खटाटोप नको असेल तर आंबील करा: पीठ ताकात कालवून रात्रभर उबेला ठेवा, सकाळी शिजवा. आधी शिजवून मग ताक घालण्याचीही पद्धत आहे. ती चवीला उत्तम, पण या कामाची नाही.

इडली-डोसा. ८ ते १२ तास आंबलेलं पीठ हवं. सोडा किंवा इनो घालून केलेली झटपट इडली तशीच फुगते, पण तिथे आंबवण्याचं काम झालेलंच नसतं. फुगणं आणि आंबणं यांत गल्लत करू नका.

भाजणी. थालीपिठाची भाजणी नावाप्रमाणेच भाजलेली असते. धान्यं नुसती धुऊन वाळवून भाजण्याऐवजी, कडधान्यं रात्रभर भिजवून, वाळवून मग भाजलीत तर फायदा आहे. वाळवणाचे दोन दिवस जास्त जातात. मी उन्हाळ्यातच करते. पावसाळ्यात हा उद्योग केला आणि एकदा पाच किलो धान्याला बुरशी लागली.

बाजरीची भाकरी. इथे हात टेका. बाजरीचं पीठ मळून तासन्‌तास ठेवता येत नाही, भाकरी थापलीच जाणार नाही. बाजरीत शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर लोह आहे, त्याचा फायदा घ्यायचा तो पायरी ४ मध्ये, ताटावर.

तपासून बघा: भिजवलेल्या दाण्याचं पाणी फेसाळ किंवा आंबूस झालं असेल तर उन्हाळ्यात वेळ जास्त झालाय. पाणी मध्येच एकदा बदला. बुळबुळीत, उग्र वासाचे मोड धुऊन वापरायच्या फंदात पडू नका, टाकून द्या.

पायरी ३: भांडं

लोखंडी कढई वापरत असाल तर उत्तम. पाणीदार, आंबट आणि जरा जास्त वेळ शिजणारा पदार्थ तिच्यात केला तर अन्नात लोह उतरतं: टोमॅटोची भाजी, आमटी, चिंच-गुळाची पातळ भाजी. कोरडं परतलेलं किंवा तळलेलं केलं तर फारसं काही मिळत नाही. पदार्थ शिजला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर कढईत ठेवाल तर चव धातूसारखी होते. कढईतून आलेलं लोहही त्याच पुढच्या दाराने जातं, त्यामुळे त्यावर चहा प्यायलात तर तेही गेलं.

बिडाचं भांडं चालतं. इनॅमलचा मुलामा दिलेलं मात्र या कामाला शून्य.

पायरी ४: ताट वाढताना

'क' जीवनसत्त्वाचा परिणाम त्याच जेवणात होतो. सकाळी संत्रं आणि दुपारी मटकी, याचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट, हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासतं. म्हणून:

१. लिंबू गॅस बंद केल्यावर, शक्यतो ताटात पिळा. उकळत्या आमटीत पिळलेलं लिंबू फक्त आंबटपणा देतं.

२. कोशिंबीर वाढण्याआधी चिरा. सकाळी सातला डब्यात भरलेली कोबीची कोशिंबीर दुपारी एकला पूर्वीसारखी राहत नाही. डब्यासाठी अख्खं फळ द्या.

३. प्रमाण पाहा. अर्ध्या लिंबाच्या रसातून साधारण सहा-आठ मिलिग्रॅमच 'क' मिळतं. फायटेट असलेल्या जेवणावर दिसण्याजोगा परिणाम हवा तर २५ ते ५० मिलिग्रॅम लागतं. लिंबाची फोड चांगलीच, पण तिच्यावर सगळा भरवसा टाकू नका. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास असतं, म्हणजे पाव पेरूही काम करतो. कच्ची ढोबळी मिरचीही जोरदार. आवळ्याचा मान मोठा, पण त्यात टॅनिनही आहे. रोजच्यासाठी मी पेरू धरते.

४. आंबट म्हणजे 'क' नव्हे. चिंचेत ते नगण्य असतं, तिचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. वाळवलेल्या आमसुलावरही 'क'साठी विसंबू नका.

कांदा-लसणाला मात्र विसरू नका. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेत धान्य-कडधान्यांवर झालेल्या पचनाच्या प्रयोगांत कांदा आणि लसूण या दोघांमुळे लोह जास्त प्रमाणात मोकळं झालं. हे प्रयोग नळीतले आहेत, माणसांवरचे नाहीत. तरी भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा आणि लसणीचा ठेचा खायला आणखी कारण कशाला हवं?

एक हिशेब मांडून दाखवते. एक बाजरीची भाकरी (पन्नास ग्रॅम पीठ) आणि वाटीभर मोडाची उसळ (तीस ग्रॅम कोरडी मटकी) यांत मिळून साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास लोह. वर चहा घेतला आणि त्यातलं ५ टक्केच शोषलं गेलं, तर पाव मिलिग्रॅमच्या किंचित वर हाती लागलं. त्याच ताटात पेरूच्या फोडी ठेवल्या, चहा लांब ठेवला आणि शोषण १० टक्क्यांवर गेलं, तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर. पाळी नसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम लोह जातं, पाळीत त्याहून जास्त. म्हणजे एका जेवणातला हा फरक क्षुल्लक नाही.

लोकप्रिय गैरसमज, थोडक्यात: बिटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा आहे, त्यात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नाही. एका चमचा गुळातही मिलिग्रॅमचा हिशेब भरत नाही. पालकात लोह आहे पण पॉलिफेनॉल आणि कॅल्शियमही आहे, आणि पालक पनीर करून आपण त्यात कॅल्शियमची आणखी भर घालतो. या गोष्टी खाऊ नका असं नाही. त्यांच्या भरवशावर राहू नका.

पायरी ५: चहा, कॉफी, दूध, सुपारी

अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हॅम्बर्गरच्या जेवणासोबत कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहा घेतल्यावर ६४ टक्क्यांनी. त्यातला खरा कामाचा भाग पुढे आहे: कॉफी जेवणानंतर तासाभराने घेतली तरी घट तेवढीच राहिली, पण जेवणाआधी तासभर घेतली तर घट झालीच नाही. चहाबाबत मात्र तासाभराच्या अंतरानेही बराच फरक पडल्याचं नंतर दिसलं आहे. मी दोन्हींसाठी एकच नियम ठेवते: जेवणाआधी एक तास, जेवणानंतर दोन तास.

दूध घातल्याने चहाचा हा परिणाम जात नाही. ग्रीन टी, मसाला चहा, लेमन टी यांनाही सवलत नाही.

सगळ्यात अवघड वेळ नाश्त्याची. कांदेपोहे, वर कोथिंबीर, लिंबाची फोड, म्हणजे ताट अगदी योग्य जमलेलं, आणि हातात वाफाळता कप. चहा उठल्याउठल्या घ्या, आंघोळ-देवपूजा उरका, मग पोहे. चहा सोडायला सांगितलं तर कोणी ऐकत नाही, पण तो तासभर पुढेमागे सरकवायला बहुतेक जण तयार होतात.

जेवणानंतरची सुपारी आणि कात लावलेलं पान याच यादीत येतं. त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

कॅल्शियमही वाट अडवतं, जरी ते वनस्पतीचं रसायन नसलं. ग्लासभर दूध, पनीर आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या मुख्य जेवणापासून दूर ठेवा. वाटीभर ताकासाठी मात्र जीव खाली-वर करू नका.

पायरी ६: गोळी चालू असेल तर

जेवणाला लागू असलेले बहुतेक नियम गोळीलाही लागू आहेत. पाण्याबरोबर किंवा लिंबू सरबताबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. अ‍ॅसिडिटीची आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नका.

लोहाचा मोठा डोस घेतला की हेप्सिडिन चढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीचं शोषण घटतं. त्यामुळे काही डॉक्टर दिवसाआड गोळी देतात. मनाने दिवसाआड करू नका, विचारा. आणि "लवकर फरक पडावा" म्हणून दिवसाला दोनाच्या चार करू नका, पोटात मुरडा येण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

सावधान: लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. रंगीत, गोड आवरणाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

पायरी ७: फरक मोजणं

आठवडाभर वहीत फक्त चार गोष्टी लिहा: कडधान्य किती तास भिजलं, ताटात कच्चं 'क' काय होतं, चहा आणि जेवण यांत किती अंतर, गोळी कशाबरोबर घेतली. पदार्थांची नावं लिहायची गरज नाही. चूक बहुधा तिसऱ्या रकान्यात सापडते.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासण्यात अर्थ नाही. नुसता आहार बदलला असेल तर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही करा. गोळी चालू असेल तर डॉक्टर महिन्याभरातच हिमोग्लोबिन बघतील. हिमोग्लोबिन वर आलं पण फेरिटिन तळाशीच असेल तर साठा अजून भरलेला नाही, गोळी बंद करायची वेळ आलेली नाही.

सगळं नीट पाळूनही दोन्ही आकडे हलले नाहीत तर स्वयंपाकघरात आणखी चूक शोधत बसू नका. पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातले जंत, अल्सर, सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आतड्याचा आजार) यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर तीन महिने थांबायचंही नाही, आतड्यातून रक्त जातंय का याची तपासणी आधी.